सर्पविष आणि श्वास : नाग व मण्यार यांच्या दंशात शरीरात नेमके काय घडते?



वाशीम जिल्ह्यात खरिपात सोयाबीन व तूर आणि रब्बीत हरभरा व गहू ही प्रमुख पिके घेतली जातात. निंदण, डवरणी, फवारणी व सोंगणी ही कामे जून ते ऑक्टोबर या काळात चालतात. रब्बीत ओलिताची पाळी रात्री आली की अंधारात दांडाने फिरावे लागते. रोही व रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी अनेक जण शेतात जागलीला जातात आणि खोपडीत जमिनीवरच अंथरूण टाकतात. साप आणि माणूस यांची गाठ पडते ती याच कामांत व याच जागी.

सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यातील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील आहेत आणि बहुतेक सर्व खेड्यांतील आहेत. मृतांपैकी निम्मे ३० ते ६९ वर्षे वयाचे, म्हणजे घरची शेती ओढणारे होते, तर चौथ्या हिश्श्याहून अधिक १५ वर्षांखालील मुले होती.

"साप चावल्यास दवाखान्यात न्यावे" हे प्रत्येकाने ऐकलेले असते. तरीही दंशाच्या जागी सूज नाही, रक्त नाही, दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. काही दंशांत हीच चूक जिवावर बेतते. विष शरीरात कोठे व कसे काम करते हे एकदा समजले तर ही चूक होणार नाही, म्हणून हा लेख.

चार विषारी साप, विषाचे दोन प्रकार

आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. माणसाच्या मृत्यूस प्रामुख्याने चार साप कारणीभूत ठरतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस व फुरसे यांचे विष मुख्यतः रक्तावर परिणाम करते. रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, हिरड्यांतून किंवा लघवीवाटे रक्त जाते. घोणसच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. नाग व मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर परिणाम करते. या लेखात आपण या दुसऱ्या प्रकाराचा विचार करणार आहोत.

स्नायू हलतो कसा?

हात उचलणे असो की श्वास घेणे असो, प्रत्येक हालचालीचा हुकूम मेंदूकडून निघतो आणि मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येतो. मात्र मज्जातंतू स्नायूला थेट चिकटलेला नसतो. दोघांमध्ये केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी बारीक फट असते. हुकूम येताच तंतूच्या टोकाशी साठवलेले ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन या फटीत सोडले जाते. स्नायूवर या रसायनासाठी ठरलेल्या जागा असतात. रसायन त्या जागांवर बसले की स्नायू आकसतो. काम होताच एक विकर (एन्झाइम) त्या रसायनाचे तुकडे करते आणि स्नायू पुन्हा सैल होतो.

आपल्या विहिरीवरील पंपाचे उदाहरण घ्या. डीपीवरून केबल येते, मध्ये स्टार्टर असतो व पुढे मोटार. मेंदू म्हणजे डीपी, मज्जातंतू म्हणजे केबल, फटीची जागा म्हणजे स्टार्टर आणि स्नायू म्हणजे मोटार. डीपीवर वीज आहे, मोटारही चांगली आहे, पण स्टार्टर ओढत नसेल तर पाणी येत नाही. नाग व मण्यार या दोघांचेही विष नेमके या स्टार्टरवरच घाव घालते. मात्र दोघांची तऱ्हा वेगळी आहे.

नागाचे विष

नागाच्या विषातील मज्जाघातक घटक हे लहान आकाराचे प्रथिन असते. ते स्नायूवरील ॲसिटिलकोलीनच्या जागा अडवून बसते. तंतूकडून रसायन येते, पण बसायला जागाच मिळत नाही. स्टार्टरच्या पॉइंटमध्ये काडी अडकावी तसा हा प्रकार आहे. यंत्र मोडलेले नाही, काडी निघाली की ते पुन्हा चालू होते. म्हणूनच नागाच्या दंशात प्रतिविष वेळेवर मिळाले तर रुग्ण लवकर सुधारतो. डॉक्टर सोबत निओस्टिग्मीन व ॲट्रोपीन ही इंजेक्शनेही देतात. निओस्टिग्मीनमुळे ॲसिटिलकोलीनचे तुकडे होण्याचे काम मंदावते, फटीत रसायन जास्त साचते आणि अडलेल्या जागा परत मिळवण्यास मदत होते.

नागाच्या दंशात बहुधा जागेवर वेदना व सूज येते, कातडी काळी पडून मांस सडू शकते. त्यामुळे दंश झाल्याचे निदान कळते तरी.

मण्यारीचे विष

मण्यार निळसर काळ्या रंगाची, चकचकीत असते. अंगावर पांढरे बारीक पट्टे असतात व ते शेपटीकडे अधिक स्पष्ट दिसतात. बिनविषारी कवड्या साप तिच्यासारखा दिसतो, पण त्याचे पट्टे मानेकडे ठळक व शेपटीकडे फिके होत जातात. मण्यार रात्री फिरते. उंदीर, पाली व इतर साप यांच्या मागावर ती घरात किंवा खोपडीत शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच दंश करते. तिचे दात बारीक असल्याने खूण बहुधा दिसत नाही, सूज येत नाही आणि पुष्कळदा झोपलेल्याला जागही येत नाही.

मण्यारीच्या विषात नागाच्या विषासारखा जागा अडवणारा घटक असतोच. परंतु अधिक घातक घटक दुसराच आहे. तैवानमधील चांग आणि ली या संशोधकांनी तेथील मण्यारीच्या विषातून हे दोन्ही घटक वेगळे केले व त्याची माहिती १९६३ साली प्रसिद्ध केली. हा दुसरा घटक स्नायूवर न बसता मज्जातंतूच्या टोकावर हल्ला करतो. तेथील रसायनाचा साठा संपतो आणि तंतूचे टोकच खराब होते. म्हणजे येथे काडी अडकलेली नाही, स्टार्टरला जोडलेले केबलचे टोकच जळाले आहे.

या फरकाचा अर्थ शेतकऱ्याने नीट लक्षात घ्यावा. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, पण जळालेले टोक ते जोडू शकत नाही. तंतूचे टोक शरीर स्वतःच नव्याने तयार करते आणि त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोपर्यंत रुग्णाला कृत्रिम श्वसनयंत्रावर (व्हेंटिलेटर) ठेवावे लागते. प्रतिविष जितके लवकर मिळेल तितकी अधिक टोके वाचतात. मण्यारीच्या दंशात वेळेला महत्त्व आहे ते यासाठी.

लक्षणे कोणत्या क्रमाने दिसतात?

मण्यारीच्या दंशात पुष्कळदा पहिली तक्रार पोटदुखीची असते. सोबत उलटी, घसा दुखणे किंवा सांधे दुखणे असू शकते. ही लक्षणे दिसायला काही तास लागू शकतात. घरचे लोक अपचन समजून ओवा-सोडा देतात व वेळ जातो. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटात कळा येऊ लागल्या आणि पापण्या जड झाल्या, तर साप दिसला नसला तरी मण्यारीचा दंश समजूनच त्याला दवाखान्यात हलवावे.

त्यानंतरची लक्षणे नाग व मण्यार या दोन्ही दंशांत साधारण वरून खाली उतरत जातात :

१) पापण्या मिटू लागतात, प्रयत्न करूनही डोळे पूर्ण उघडत नाहीत.
२) एका वस्तूच्या दोन दिसतात.
३) जीभ जड होते, बोलणे बोबडे होते, गिळता येत नाही, लाळ तोंडात साचते.
४) मान उचलून धरता येत नाही.
५) शेवटी छातीचे स्नायू व श्वासपटल थकतात आणि श्वास थांबतो.

मृत्यू होतो तो या पाचव्या पायरीवर. पापणी पडणे ही धोक्याची पहिली घंटा समजावी.

हृदय चालू असते, शुद्धही असते

हृदयाच्या स्नायूची रचना वेगळी असल्याने हे विष हृदयाला त्या रीतीने बंद पाडत नाही. मज्जाघातक घटक मेंदूतही सहसा शिरत नाहीत. म्हणजे रुग्ण डोळे उघडू शकत नाही, बोलू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, परंतु तो आजूबाजूचे बोलणे ऐकत असू शकतो. बाहुल्या मोठ्या होऊन प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, असेही मण्यारीच्या दंशात घडते. अशा माणसाला मृत समजून प्रयत्न सोडू नयेत. श्वास कमी पडला की मेंदूला प्राणवायू मिळत नाही आणि खरी हानी तेथून सुरू होते. त्याच्यासाठी कोणी श्वास चालू ठेवला, तर तो पूर्ण बरा होऊन पुन्हा औत धरू शकतो.

फवारणीची विषबाधा व विंचूदंश वेगळे

फवारणीच्या हंगामात शेतात माणूस कोसळला तर साप चावला की औषध लागले, असा प्रश्न पडतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना आपल्या स्मरणात आहे. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके (उदा. मोनोक्रोटोफॉस) याच स्टार्टरवर उलट परिणाम करतात. ॲसिटिलकोलीनचे तुकडे करणारे विकर ती बंद पाडतात. स्टार्टरचे पॉइंट चिकटून बसावेत व मोटार बंदच होऊ नये, अशी ही गत आहे. त्यामुळे बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घाम व लाळ गळते, जुलाब होतात, स्नायू फडफडतात. सर्पदंशात पापण्या पडतात व अंग ढिले पडत जाते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. म्हणून दवाखान्यात जाताना फवारणी केली होती का, कोणते औषध होते, हे सांगावे व डबा सोबत न्यावा.

लाल विंचवाचे विषही मज्जातंतूंवरच काम करते, पण ते तंतूंना सारखे चेतवत ठेवते. त्यामुळे दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात आणि हृदय व फुप्फुसांवर ताण येतो. सर्पाचे प्रतिविष येथे उपयोगाचे नाही. मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड येथे काम करताना या दंशावर प्राझोसीन या औषधाचा उपयोग दाखवून दिला व त्यामुळे असंख्य प्राण वाचले.

प्रतिविष म्हणजे काय?

घोड्याला विषाची अल्प मात्रा क्रमाक्रमाने टोचली जाते. त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारे घटक तयार होतात. ते वेगळे काढून शुद्ध केले की प्रतिविष तयार होते. ही पद्धत १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढे आली. आपल्या राज्यात मुंबईच्या हाफकिनचे नाव या कामाशी जोडलेले आहे. भारतात मिळणारे प्रतिविष वर सांगितलेल्या चारही सापांवर चालते. त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. सापाच्या मागे लागून दुसराही दंश झाल्याची उदाहरणे आहेत.

प्रतिविष शिरेतूनच द्यावे लागते. सुरुवातीलाच साधारण ८ ते १० बाटल्या लागतात. लहान मुलालाही तेवढीच मात्रा दिली जाते, कारण मूल लहान असले तरी सापाने सोडलेले विष तितकेच असते. काही रुग्णांना त्याची तीव्र ॲलर्जी येते व ती सावरण्याची औषधे जवळ असावी लागतात. म्हणून ते घरी किंवा शेतात टोचून घेण्याची वस्तू नाही. सरकारी रुग्णालयात ते विनामूल्य दिले जाते.

झाडपाला व मंत्र यांचा गुण का येतो असे वाटते?

नागपंचमीला बाऱ्या म्हणण्याची विदर्भातील रीत जुनी आहे. त्या श्रद्धेचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु दंश झाल्यावर उताऱ्यासाठी थांबणे वेगळे. चावलेला साप बहुतेक वेळा बिनविषारी असतो. विषारी सापही कधी कधी विष न सोडताच चावतो, त्याला कोरडा दंश म्हणतात. अशी माणसे काहीही न करता बरी होतात व श्रेय मुळीला किंवा मंत्राला मिळते. फटीतल्या त्या जागांवर बसलेले विष मंत्राने उठत नाही, आणि गेलेला तास परत येत नाही.

दंश झाल्यास काय करावे?

१) रुग्णाला धीर द्यावा, चालू किंवा पळू देऊ नये. हालचालीने विष लवकर पसरते.
२) अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ ताबडतोब काढावे.
३) हात किंवा पाय मोडल्यावर बांधतात तशी काठी किंवा फळी लावून सैलसर बांधावा.
४) १०८ क्रमांकावर फोन करावा. वाहन लवकर मिळत नसेल तर मोटारसायकलवर चालक व मागे बसणारा यांच्यामध्ये रुग्णाला बसवून न्यावे.
५) पापण्या पडत असतील किंवा गिळता येत नसेल तर पाणी, चहा, दूध काहीही पाजू नये. कुशीवर वळवून झोपवावे, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.
६) श्वास थांबल्यास मान मागे करून, नाक दाबून, तोंडाने श्वास द्यावा. मिनिटाला १० ते १२ वेळा द्यावा आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबू नये.
७) दंश किती वाजता झाला, पापणी किती वाजता पडली, पोटात केव्हा दुखू लागले, हे डॉक्टरांना सांगावे.
८) लक्षणे नसली तरी २४ तास रुग्णालयात देखरेखीखाली राहावे.

काय करू नये?

१) दोरी किंवा कापड घट्ट आवळून बांधू नये. रक्तपुरवठा बंद होऊन हात-पाय गमावण्याची वेळ येते. आधीच कोणी बांधले असेल तर ते वाटेत एकदम सोडू नये, डॉक्टरांसमोरच सोडावे.
२) पात्याने चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, डाग देणे, बर्फ लावणे हे प्रकार करू नयेत.
३) "झोपू देऊ नका" एवढ्यावरच भिस्त ठेवू नये. रुग्णाचे डोळे मिटतात ते झोपेने नव्हे, तर पापणीचा स्नायू बंद पडल्यामुळे.

दंश टाळण्यासाठी

जागलीला किंवा ओलिताला जाताना बॅटरी, काठी व गमबूट यांचा वापर करावा. खोपडीत जमिनीवर न झोपता बाजेवर झोपावे व मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचाव्यात. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून संरक्षण मिळते, असे नेपाळच्या तराई भागातील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे. बाज नसेल तर निदान मच्छरदाणी तरी सोडू नये. सोयाबीनची गंजी, कुटार, तुराट्या किंवा गोवऱ्या उचलताना आधी काठीने हलवाव्यात, थेट हात घालू नये. हे ढीग घराच्या भिंतीला लागून रचू नयेत. धान्य सांडू देऊ नये व उंदरांची बिळे बुजवावीत. उंदीर कमी झाले की त्यांच्या मागे येणारा सापही कमी येतो. शक्य असेल तेथे सौर पंपावर दिवसा ओलीत करावे.

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावाने एक काम अवश्य करावे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध आहे का, रात्री डॉक्टर कोठे मिळतील आणि श्वसनयंत्राची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी करून ती माहिती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवावी. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय कृती योजना केंद्र शासनाने २०२४ मध्ये जाहीर केली आहे. तिची सुरुवात गावातील अशा एका फलकापासूनही होऊ शकते.

थोडक्यात सांगायचे तर सूज नाही म्हणजे विष नाही, असे कधीही समजू नये. नाग व मण्यार यांचे विष श्वास थांबवून माणूस मारते. प्रतिविष वेळेवर मिळाले आणि तोपर्यंत श्वास चालू राहिला, तर हा माणूस वाचतो.